क्रॉस कंट्री फसली? निदान या चुका तरी टाळा

क्रॉस कंट्रीची, म्हणजे टेकड्या-माळावरच्या कच्च्या वाटांवर पळायची शर्यत संपून तास होत नाही तोच मेसेज येतो: "ताई, रस्त्यावर १० किलोमीटर मी ४४ मिनिटांत पळतो, मग आज ८ किलोमीटरला ४१ कशी लागली?" ठाण्यात पोरांना पळवायला लागून मला बारा वर्षं झाली आणि हा प्रश्न एकही हंगाम चुकला नाही. पाम बीच रोडच्या सपाट डांबरावरची वेळ खारघरच्या टेकडीला लावूच नका. दर ठिकाणची जमीन वेगळी, म्हणून क्रॉस कंट्रीत विश्वविक्रमसुद्धा धरत नाहीत. सांघिक निकालही क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. जागतिक स्पर्धेत संघातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवतात आणि ज्यांची बेरीज सर्वांत कमी, ते जिंकतात. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा आणि कुठल्या फेरीत किती जण तुम्हाला मागे टाकून गेले, ते आठवा.

माझ्या डोळ्यांदेखत सर्वांत जास्त शर्यती बुडाल्या त्या पहिल्या ४०० मीटरमध्ये. वर्तकनगरचा एक मुलगा आहे. रोज पहाटे उपवनला फेऱ्या, रविवारी येऊरचा चढ, तयारीत खोट काढायला जागा नाही. खारघरला टेकडीच्या पायथ्याशी २ किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या. शिट्टी झाली आणि हा पहिल्या दहांत. पहिला किलोमीटर ३:४५. तिसऱ्या फेरीत चढावर तो कमरेवर हात ठेवून चालत होता. ५८वा आला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "उद्यापासून दोन वेळा सराव करतो." मी म्हटलं, "उद्या काही करू नकोस. रविवारी माझ्याबरोबर तिथेच चल. पळायचं नाही, चालायचं."

गेलो. सुरुवातीपासून ३०० मीटरवर वाट झुडपांमध्ये अरुंद होते, म्हणून सगळे तिथे आधी पोचायला जीव तोडून पळतात. पुढे लगेच चढ, सुट्या मुरमाचा. पाऊल टाकलं की खडे टाचेखालून घरंगळायचे आणि पाय चार बोटं मागे यायचा. अशा ठिकाणी लांब ढांगा टाकल्या की दम तिथेच संपतो. चढ संपल्यावर मात्र गवताचा रुंद, सपाट पट्टा होता. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, इथे तर मी श्वास घेत होतो. सगळे मला इथेच ओलांडून गेले."

म्हणून माझ्या मुलांना मी सांगते: पहिल्या फेरीत पंधरा जण पुढे जाऊ द्या. चढावर पावलं छोटी, हात जोरात आणि माथ्यावर पोचल्यावर थांबल्यासारखं पळू नका. नवशिक्यांना हे पटत नाही, त्यांना पहिल्या वळणावरच जिंकायचं असतं.

निकालाच्या रात्री काहीही ठरवू नका. दमलेलं शरीर आणि दुखावलेलं मन मिळून वाईट वेळापत्रक बनवतात. मी दोन दिवस थांबते, मग वहीत तीनच ओळी लिहिते: कुठे मागे पडले, पायाखाली काय होतं, त्याआधीच्या मिनिटात मी काय केलं. याहून जवळची वाट मला माहीत नाही, आणि 'तीन आठवड्यांत वेग वाढवा' वगैरेंवर माझा विश्वास नाही.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नका.

कार्बन प्लेटचे, म्हणजे तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेले, महागडे रस्त्यावरचे बूट तर नकोच. त्यांचा उंच, मऊ तळवा खडबडीत जमिनीवर घोट्याला दगा देतो.

लेसला दोन गाठी.

ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग कमी करायला लाजू नका. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात ३८ जण क्रॉस कंट्रीला उतरले आणि फक्त १५ जणांनी शर्यत पूर्ण केली. त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला तो गेलाच.

वर्तकनगरचा तो मुलगा आजही एकाच वेळी सराव करतो. फक्त रविवारी येऊरचा चढ संपला की जिथे आधी थांबून पाणी प्यायचा, तिथून पुढची दोन मिनिटं आता वेग वाढवतो.