व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या परिषदेची सत्रं कशी आखावीत

डेस्कटॉप आणि ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशनच्या (डेस्कटॉप दूरच्या सर्व्हरवर चालवून युझरच्या पडद्यावर देण्याच्या आणि ॲप्लिकेशन वेगळ्या पॅकेजमध्ये बांधून चालवण्याच्या तंत्राच्या) परिषदेला येणारा श्रोता बहुतेक वेळा कुठल्यातरी बँकेत, इस्पितळात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत पाचशे-हजार युझर सांभाळणारा ॲडमिन असतो. सकाळी नऊ वाजता सगळे एकदम लॉगिन करू लागले की काय होतं, हे त्याला सांगावं लागत नाही. ते का होतं आणि कुठलं सेटिंग बदलायचं, एवढंच त्याला हवं असतं. त्यामुळे सत्रांच्या तयारीतला बहुतेक वेळ विषयांची निवड आणि डेमोची तयारी या दोनच कामांना द्या. या विषयात डेमो म्हणजे दूरच्या मशीनवर उघडलेलं सेशन. सभागृहातलं नेटवर्क रुसलं की सत्र तिथेच बसतं.

खालची आखणी दीडशे ते दोनशे लोकांच्या, दोन दिवसांच्या परिषदेसाठी आहे. त्यात दोन सभागृहं आणि एक लॅबची खोली धरली आहे.

१. आधी वेळापत्रकाचा सांगाडा

एक सत्र ४५ मिनिटांचं ठेवा: ३५ मिनिटं विषय, १० मिनिटं प्रश्न. दोन सत्रांमध्ये १५ मिनिटं मोकळी हवीतच. त्यात एक लॅपटॉप निघतो, दुसरा जोडला जातो, माइक बदलतो. हे अंतर पाच मिनिटांवर आणलं तर दुपारपर्यंत सगळं वेळापत्रक अर्धा तास मागे पडतं.

दिवसाला सहा वेळा बसतात: १०:००, ११:००, १२:१५, २:१५, ३:१५ आणि ४:३०. दोन सभागृहं आणि दोन दिवस मिळून २४ जागा होतात. पहिल्या दिवशीचं उद्‌घाटनाचं भाषण आणि शेवटची प्रश्नोत्तरं सगळ्यांसाठी एकत्र असतात, म्हणून चार जागा कमी करा. उरतात २० सत्रं. त्याशिवाय तीन सत्रं राखीव निवडून ठेवा. आयत्या वेळी व्हिसा, आजारपण किंवा कंपनीची परवानगी यांत कुणी ना कुणी अडकतंच.

२. प्रस्ताव मागवताना नेमकं विचारा

साधारण सहा महिने आधी प्रस्ताव मागवा आणि सहा ते आठ आठवड्यांची मुदत द्या. अर्जात एवढं विचारलं तरी पुरे: विषयाचं नाव, दीडशे शब्दांत सारांश, श्रोत्याची अपेक्षित पातळी, डेमो आहे का, आणि डेमो असेल तर तो कुठे चालणार – लॅपटॉपवर, स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये की क्लाउडवर. याखेरीज एक प्रश्न सक्तीचा ठेवा: ‘हे सत्र ऐकून श्रोता आपल्या सेटअपमध्ये कोणती गोष्ट बदलेल?’ ज्याला याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही, त्याच्याकडे बहुधा जाहिरातीच्या स्लाइड असतात.

परीक्षक तीन असावेत आणि त्यांना अर्जदाराचं व कंपनीचं नाव दिसू नये. पुरस्कर्त्या कंपन्यांना सत्रं द्यावीच लागली तर दोन-तीनच द्या आणि वेळापत्रकात तसं स्पष्ट छापा. लपवलेली जाहिरात श्रोत्यांना पाचव्या मिनिटाला कळते आणि त्याचा राग आयोजकांवर निघतो.

३. विषयांचा समतोल

मोकळं सोडलं तर निम्मे प्रस्ताव ‘क्लाउडवर कसे गेलो’ या एकाच विषयाचे येतात. म्हणून वाटणी आधी ठरवा. २० सत्रांसाठी ही वाटणी चांगली चालते: प्रोफाइल (युझरची सेटिंग्ज आणि फाइली) आणि लॉगिनचा वेळ ४, ॲप्लिकेशनचं पॅकेजिंग ४, मास्टर इमेज (जिच्यावरून सगळे डेस्कटॉप बनतात ती मूळ प्रत) आणि अपडेट ३, डिस्प्ले प्रोटोकॉल (दूरचा पडदा युझरपर्यंत आणण्याची पद्धत) व नेटवर्क ३, सुरक्षा २, खर्च आणि लायसन्सिंग २, जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) १, प्रिंटर-स्कॅनर-यूएसबी १.

ॲप्लिकेशनच्या बाजूला चार जागा राखून ठेवाच. डेस्कटॉपचा बोलबाला जास्त, पण ॲडमिनचे दिवस खातात ती ॲप्लिकेशन्सच. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या ॲप-व्ही (ॲप्लिकेशन पॅकेज करून चालवण्याचं जुनं तंत्र) सर्व्हरचा विस्तारित सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचाच असल्याने जुन्या पॅकेजचं काय करायचं, हा प्रश्न अनेकांपुढे आहे. एमएसआयएक्स (मायक्रोसॉफ्टचा नवा पॅकेज प्रकार) आणि ॲप अटॅच (पॅकेज सेशनला जोडण्याची सोय) यांवरच्या सत्रात वक्त्याने पॅकेज न होणारं एक ॲप्लिकेशन दाखवलंच पाहिजे, अशी अट घाला. कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर) लागणारं सॉफ्टवेअर या साच्यात बसत नाही. शिवाय पॅकेजवर सही केलेलं प्रमाणपत्र होस्टच्या (सेशन चालवणाऱ्या मशीनच्या) विश्वासार्ह यादीत नसेल तर ते इन्स्टॉलच होत नाही. या अडचणी बघितलेला श्रोता घरी जाऊन दोन दिवस वाचवतो.

उत्पादनांच्या घडामोडींवरही एक नजर हवी. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर तिचं होरायझन हे व्हर्च्युअल डेस्कटॉपचं उत्पादन २०२४ मध्ये ओम्निसा या वेगळ्या कंपनीकडे गेलं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाण्याच्या सत्रांना म्हणूनच गर्दी होते. त्यांना मोठं सभागृह द्या.

परिषद पुण्या-मुंबईत असेल तर यूएसबीच्या सत्रात डिजिटल सहीच्या टोकनचा विषय हवाच. टोकन सर्व्हरलाच खोचलं आणि त्या सर्व्हरवर आरडीपीने (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉलने) शिरलं की ते दिसत नाही, कारण आरडीपी सेशनला युझरच्या समोरच्या मशीनचे स्मार्टकार्ड रीडर दिसतात, आणि टोकन त्यातच मोडतं. लेखा विभागांत हे रोजचं दुखणं आहे, आणि पुढे होऊन त्यावर प्रस्ताव सहसा कुणी देत नाही. चांगला जाणकार शोधून त्याला स्वतः विनंती करा.

४. सभागृहातलं नेटवर्क

परिषदेच्या किमान तीन आठवडे आधी त्या जागी जाऊन चाचणी घ्या. फक्त वेग मोजून भागत नाही. बऱ्याच हॉटेलांच्या फायरवॉलमधून बाहेर जाणारं यूडीपी (पोच न घेता डेटा झटपट पाठवण्याची पद्धत) बंद असतं. आजचे बहुतेक डिस्प्ले प्रोटोकॉल शक्य तिथे यूडीपी वापरतात, आणि ते मिळालं नाही की निमूटपणे टीसीपीवर (प्रत्येक तुकड्याची पोच घेणाऱ्या पद्धतीवर) येतात. सेशन चालू राहतं, पण व्हिडिओ अडखळतो, स्क्रोल करताना अक्षरं मागून येतात. वक्त्याला वाटतं आपला डेमो बिघडला.

म्हणून हॉटेलच्या आयटी विभागाला पोर्टची (फायरवॉलमध्ये उघडायच्या क्रमांकांची) यादी लेखी द्या. सिट्रिक्ससाठी गेटवेमार्गे ४४३ आणि थेट जोडणीसाठी १४९४ व २५९८. ब्लास्टसाठी (होरायझनच्या प्रोटोकॉलसाठी) ४४३ आणि ८४४३. पीसीओआयपी या डिस्प्ले प्रोटोकॉलसाठी ४१७२. आरडीपीसाठी ३३८९. अझुर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या शॉर्टपाथला (यूडीपीवरच्या थेट जोडणीला) सार्वजनिक नेटवर्कवर ३४७८. ३४७८ वगळता प्रत्येक ठिकाणी टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडे हवेत. शॉर्टपाथला यूडीपी पुरतं.

वक्त्यांना वायफायवर ठेवू नका. दोन्ही मंचांवर लॅन केबल ओढा आणि त्या नेटवर्कवरून लॉगिन पान दाखवणारं पोर्टल काढायला सांगा. दर काही तासांनी पोर्टल पुन्हा लॉगिन मागतं आणि चालू सेशन तुटतं. पर्याय म्हणून वेगळ्या कंपनीचं फोरजी किंवा फाइव्हजी राउटर ठेवा. मोबाइलची रेंजही तपासा: तळघरातल्या सभागृहात वक्त्याला मल्टिफॅक्टरचा कोडच येत नाही.

५. डेमोची तालीम

प्रत्येक वक्त्याबरोबर दोन आठवडे आधी एक ऑनलाइन तालीम आणि आदल्या दिवशी मंचावर पंधरा मिनिटं, एवढं ठरवून टाका. तालमीत ही यादी घेऊन बसा:

विंडोज सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस चालते, विंडोज एंटरप्राइझची ९० दिवस. रिमोट डेस्कटॉप लायसन्सविना चालण्याची सवलत १२० दिवसांची. मुदत संपलेलं विंडोज एंटरप्राइझ तासातासाला बंद पडतं. हे सत्राच्या मध्यावर होऊ शकतं.

झोपवून ठेवलेल्या लॅपटॉपमधली व्हर्च्युअल मशीन जागी केली की तिचं घड्याळ मागे राहू शकतं. डोमेन कंट्रोलरशी (युझर आणि मशीनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरशी) पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस (ओळख तपासणारी यंत्रणा) लॉगिन नाकारतं. जुन्या स्नॅपशॉटवर (मशीनच्या जतन केलेल्या अवस्थेवर) परत जाणंही धोक्याचं, कारण मशीनच्या खात्याचा पासवर्ड ३० दिवसांनी बदलतो आणि डोमेनशी असलेला विश्वास तुटू शकतो.

सगळ्यांत जास्त फसगत प्रोफाइल कंटेनरमध्ये (युझरचं प्रोफाइल ठेवणाऱ्या डिस्क-फाइलमध्ये) होते. वक्ता रात्री खोलीत सराव करतो, खिडकी बंद करतो आणि झोपतो. सेशन लॉगऑफ झालेलं नसतं, फक्त डिसकनेक्ट झालेलं असतं. एफएसलॉजिक्स या प्रोफाइल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची व्हीएचडीएक्स फाइल, म्हणजेच कंटेनर, त्या होस्टने धरून ठेवलेली असते. सकाळी मंचावर त्याच युझरने दुसऱ्या होस्टवर लॉगिन केलं की कंटेनर जोडला जात नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये लॉगिन मात्र होतं, फक्त स्थानिक, कोऱ्या प्रोफाइलवर. श्रोत्यांसमोर रिकामा डेस्कटॉप उघडतो. उपाय सोपा आहे: सरावानंतर लॉगऑफ करा, आणि युझर तीन ठेवा. एक कधीही लॉगिन न केलेला, एक तयार प्रोफाइल असलेला आणि एक राखीव. पहिल्या लॉगिनला कंटेनर तयार होत असल्याने वेळ जास्त लागतो, तेव्हा लॉगिनच्या वेळेवर बोलणाऱ्याने कोणत्या युझरने आकडा मोजला ते श्रोत्यांना सांगावं.

मंचावर प्रोजेक्टर आधी जोडायचा, मग रिमोट सेशन उघडायचं. उलट केलं की चालू सेशनमध्ये रिझोल्यूशन आणि स्केलिंग बदलतं, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला मेनू वाचता येत नाहीत. १९२० बाय १०८० पक्कं करा, पॉवरशेलच्या खिडकीतला फाँट किमान २० ठेवा. डोमेनची नावं, ईमेल आयडी, लायसन्स की स्क्रीनवर दिसत असतील तर झाका. रेकॉर्डिंगमध्ये त्या कायमच्या राहतात.

प्रत्येक डेमोचं तीन ते पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग वक्त्याच्या लॅपटॉपवर आणि आयोजकांच्या पेनड्राइव्हवर असावं. डेमो दोनदा फसला की तिसऱ्यांदा प्रयत्न न करता रेकॉर्डिंग लावायचं, हे वक्त्याकडून आधीच कबूल करून घ्या.

६. लॅब

लॅबचं सत्र अडीच तासांचं ठेवा. २४ जणांहून जास्त घेऊ नका, आणि दर आठ जणांमागे एक मदतनीस हवा. प्रत्येकाला ब्रोकरसाठी (युझरला सेशनशी जोडणाऱ्या मशीनसाठी) ८ आणि सेशन होस्टसाठी ८, अशी १६ जीबी रॅम धरली तर एकूण ३८४ जीबी लागते. डोमेन कंट्रोलर सगळ्यांत मिळून दोनच ठेवले तर बरीच बचत होते.

क्लाउडवर लॅब करणार असाल तर व्हीसीपीयूचा (व्हर्च्युअल प्रोसेसरचा) कोटा महिनाभर आधी वाढवून घ्या. अझुरचा सेंट्रल इंडिया विभाग पुण्यातच आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या परिषदेसाठी लेटन्सीची (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेची) काळजी कमी. सगळे सहभागी एकाच सार्वजनिक आयपीवरून लॉगिन करतात, हे मात्र विसरू नका. एकदम आलेली २४ लॉगिन्स संशयास्पद समजून सुरक्षा नियम त्यांना अडवू शकतात. लॅबसाठी वेगळं टेनंट (क्लाउडमधलं स्वतंत्र खातं) घ्या आणि तिथले नियम आधी तपासा. बँडविड्थ माणशी २ एमबीपीएस धरा, व्हिडिओचा सराव असेल तर ५.

प्रत्येक टेबलावर छापील पत्रक हवं: युझरनेम, पासवर्ड, पहिल्या तीन पायऱ्या. पासवर्डात शून्य आणि ओ, एक आणि एल ही अक्षरं टाळा. नाहीतर पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.

७. सत्र चालू असताना आणि नंतर

प्रत्येक सभागृहात एक सूत्रसंचालक आणि एक तांत्रिक मदतनीस ठेवा. वेळेची पाटी १०, ५ आणि १ मिनिटाला दाखवा. श्रोत्याने विचारलेला प्रश्न वक्त्याने माइकवर पुन्हा म्हणावा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकू येतो. अभिप्रायाचा क्यूआर कोड शेवटच्या स्लाइडवर हवा. संध्याकाळी ईमेलने मागितला तर फार थोडे भरतात.

स्लाइड आणि स्क्रिप्ट आठवड्याभरात द्या. लॅबची मशीन्स त्याच रात्री काढून टाका. विंडोजच्या आतून शटडाउन केलेल्या अझुर मशीनचं बिल चालूच राहतं, अझुरच्या पोर्टलवरून ती डीॲलोकेट करावी लागते (म्हणजे तिच्यासाठी राखलेला सर्व्हर सोडावा लागतो), आणि तेवढं करूनही डिस्कचे पैसे पडतात. लॅबची सगळी मशीन्स आणि डिस्क असलेला पूर्ण रिसोर्स ग्रुपच डिलीट करा, आणि दोन दिवसांनी बिलाचं पान उघडून काही राहिलं नाही ना ते बघा.