रोबोची दोरीवरची लिफ्ट अडकते तेव्हा: या चुका टाळा

'फर्स्ट टेक चॅलेंज' या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत सामना सुरू होताना रोबो १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे, असा नियम असतो. आणि तरीही त्याच रोबोने काही क्षणांत त्याच्या दुप्पट उंची गाठावी, अशी खेळाची मांडणी अनेकदा असते. २०२२-२३ च्या 'पॉवरप्ले' या खेळात सर्वांत उंच खांब ३३.५ इंचांचा होता, तर २०२४-२५ च्या 'इन्टू द डीप'मध्ये वरची टोपली ४३ इंचांवर होती. म्हणूनच बहुतेक संघ एकमेकींवरून सरकणाऱ्या स्लाइड्सची लिफ्ट बांधतात आणि मोटरवरच्या स्पूलला, म्हणजे रिळाला, दोरी गुंडाळून ती वर ओढतात. महाराष्ट्रातले जे शालेय संघ या स्पर्धेत उतरतात, त्यांनाही ही रचना चांगलीच परिचयाची आहे, आणि तिचा त्रासही.

लिफ्ट अडली की पहिला संशय मोटरवर घेतला जातो आणि दुसरा प्रोग्रामवर. माझ्या मते मुख्य चूक इथेच होते. दोष बहुधा दोरीच्या वाटेत असतो, आणि प्रोग्राममध्ये शक्ती वाढवून तो दोष तात्पुरता झाकला जातो, इतकेच. त्यामुळे लॅपटॉप उघडण्याआधी रोबोची वीज बंद करावी, लिफ्ट खाली आणावी, स्पूलवरून दोरी सोडवावी आणि प्रत्येक स्लाइड हाताने पूर्ण वर-खाली सरकवून पाहावी. वर राहिलेली लिफ्ट केवळ मोटरच्या ब्रेकवर उभी असते आणि वीज जाताच खाली येऊ शकते. अशा वेळी तिच्याखाली लाकडाचा ठोकळा द्यावा आणि बोटे दूर ठेवावीत. दोरी नसतानाही स्लाइड एखाद्या जागी जड लागत असेल, तर वाकलेली पट्टी, आत गेलेला स्क्रू किंवा बेअरिंगमधला कचरा शोधावा. दोरी नसताना सगळे सुरळीत सरकते आणि दोरी लावल्यावर अडते, असे आढळले तर शोध निम्म्याने कमी होतो.

दोरी कशी ओवली आहे, हे आधी नीट ठरवा

दोरी ओवण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. 'कंटिन्युअस' पद्धतीत एकच दोरी सर्व टप्प्यांच्या पुलींमधून जाते आणि ज्या टप्प्याला सर्वांत कमी जोर लागतो तो आधी सरकतो. 'कॅस्केड' पद्धतीत प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र दोरी असते आणि सगळे टप्पे एकाच वेळी उघडतात. तीन सरकते टप्पे प्रत्येकी २४० मिलिमीटर वर जातात असे धरले, तर दोन्ही पद्धतींत टोक ७२० मिलिमीटर वर जाते. पण कंटिन्युअसमध्ये स्पूलवर ७२० मिलिमीटर दोरी येते आणि कॅस्केडमध्ये फक्त २४०. याची किंमत ताणात चुकवावी लागते. टोकावर एक किलोचा भार असेल, तर कॅस्केडच्या पहिल्या दोरीवर स्लाइड्सचे वजन आणि घर्षण सोडूनही तीन किलोचा ताण येतो. कंटिन्युअससाठी निवडलेली मोटर आणि स्पूल कॅस्केडवर तसेच्या तसे चढवले की लिफ्ट रखडते, आणि संघ मात्र बॅटरीला दोष देत बसतो.

खाली ओढणाऱ्या परतीच्या दोरीत याहून मोठा घोळ होतो. कंटिन्युअसमध्ये परतीची दोरी शेवटच्या टप्प्यापासून थेट स्पूलपर्यंत आणली, तर दोन्ही स्पूल एकाच व्यासाचे चालतात, कारण एक जितकी दोरी गुंडाळतो तितकीच दुसरा सोडतो. कॅस्केडमध्ये मात्र अशी थेट आणलेली परतीची दोरी ७२० मिलिमीटर सोडावी लागते आणि वर ओढणारा स्पूल २४०च गुंडाळतो. म्हणजे परतीचा स्पूल तिप्पट व्यासाचा हवा, किंवा परतीची दोरीही टप्प्याटप्प्याने ओवायला हवी. हे न करता दोन समान स्पूल बसवले, तर लिफ्ट थोडी वर जाऊन जागच्या जागी घट्ट होते. त्यानंतर मोटरने जोर लावला की दोरी तुटते किंवा गाठ सुटते, आणि सगळ्यांना वाटते की दोरीच कच्ची होती.

व्यास बरोबर असूनही लिफ्ट मध्येच घट्ट किंवा सैल होत असेल, तर परतीची दोरी स्लाइडला समांतर जाते का, ते पाहावे. ती तिरकी गेली की लिफ्टच्या उंचीनुसार वाटेची लांबी असमान बदलते. पुलीची जागा बदलणे हाच त्यावर खरा उपाय आहे. थोडाफार फरक शोषून घेण्यासाठी परतीच्या बाजूला एक छोटी ताण-स्प्रिंग घालता येते. वर ओढणाऱ्या बाजूला ती घालू नये, कारण मग लिफ्ट भाराखाली डोलू लागते.

स्पूलवरचे थर

स्पूलची रुंदी कमी असली की पतंगाच्या फिरकीवर मांजा चढतो तशी दोरी थरावर थर चढते आणि प्रत्येक थराने व्यास वाढतो. ३८ मिलिमीटर व्यासाच्या स्पूलचा परीघ सुमारे ११९ मिलिमीटर असतो. १ मिलिमीटर जाडीच्या दोरीचा एक पूर्ण थर चढला की पुढच्या फेऱ्यात सुमारे पाच टक्के जास्त दोरी येते. गोबिल्डा या कंपनीची ३१२ आरपीएमची (मिनिटाला ३१२ फेरे) मोटर एका फेऱ्याला ५३७.७ एन्कोडर टिक्स देते (एन्कोडर म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर, टिक्स म्हणजे त्याची मोजमापे), म्हणजे या स्पूलवर ७२० मिलिमीटरसाठी सुमारे सहा फेरे आणि ३२५० च्या आसपास टिक्स लागतात. पण हा हिशेब दोरी एकाच थरात बसली तरच खरा ठरतो. थर कधी असे तर कधी तसे बसत असतील, तर त्याच टिक्सला लिफ्ट कधी टोपलीच्या वर जाईल, कधी कडेला धडकेल. स्पूल रुंद घ्यावा, आणि त्याच्या कडा इतक्या उंच असाव्यात की दोरी घसरून शाफ्टवर जाणार नाही.

परतीची दोरी न लावता लिफ्ट स्वतःच्या वजनाने खाली येऊ देणारे संघ एका विचित्र दोषाला हमखास सामोरे जातात. खाली येताना एखादी स्लाइड अडकते, मोटर मात्र फिरत राहते, दोरी सैल पडून स्पूलवरून पूर्ण उलगडते आणि पुढच्या फेऱ्यापासून उलट दिशेने गुंडाळली जाऊ लागते. आता चालकाने 'खाली' हे बटण दाबले की लिफ्ट वर जाते! अशा वेळी प्रोग्राममध्ये मोटरची दिशा उलटी करण्याचा मोह होतो, तो आवरावा; स्पूल हाताने मागे फिरवून दोरी पुन्हा योग्य बाजूने चढवावी आणि स्लाइड का अडकली, याचा शोध घ्यावा.

दोरी आणि गाठ

बहुतेक संघ डायनीमासारखी पॉलिइथिलीनची विणलेली दोरी वापरतात. ती ताकदवान असते, पण अतिशय गुळगुळीत, त्यामुळे साधी गाठ तिच्यावर सरकत सुटते. मासेमारीत वापरली जाणारी पालोमार गाठ बांधावी, शेपूट लांब ठेवावे आणि टोक थोडे वितळवून गोळी करावी. गाठीवर झटपट चिकटणारा गोंद लावणे जवळपास व्यर्थ असते, कारण पॉलिइथिलीनला तो नीट धरत नाही. सतत ताणाखाली ही दोरी हळूहळू लांबते. म्हणून टोक कायमचे बांधून न टाकता खाचेत सरकणाऱ्या स्क्रूला अडकवावे, म्हणजे ताण पुन्हा जुळवता येतो. केवलारची दोरी फारशी लांबत नाही, पण वारंवार वाकण्याने आणि घासण्याने लवकर झिजते. मासेमारीची साधी नायलॉन तार मात्र लवचिक असते आणि लिफ्टसाठी घेऊच नये.

दोरी तुटली तर तुटलेले टोक जपून ठेवावे. नेहमी त्याच जागी आणि पिंजल्यासारखी तुटत असेल, तर तिथे छिद्राची धारदार कड किंवा पुलीबाहेर उतरलेली दोरी आहे, असे समजावे.

दोन बाजू, दोन मोटरी

दोन्ही बाजूंना स्लाइड असलेल्या लिफ्टमध्ये एका बाजूची दोरी काही मिलिमीटर लांब असली, तरी आडवी पट्टी तिरकी होते आणि दोन्ही स्लाइड एकमेकींना जाम करतात. दोन्ही स्पूल एकाच शाफ्टवर घ्यावेत आणि आडव्या पट्ट्यांचे स्क्रू लिफ्ट पूर्ण उघडून, मग पूर्ण मिटून, असे दोनदा आवळावेत. दोन मोटरी असतील, तर दोघींना स्वतंत्रपणे 'रन टू पोझिशन'वर, म्हणजे मोटर स्वतःच ठरलेल्या टिक्सपर्यंत जाते त्या मोडवर, सोडू नये. एकच एन्कोडर वाचून दोघींना सारखी शक्ती द्यावी. नाहीतर त्या एकमेकींशी झगडतात आणि तापतात. वर सांगितलेल्या गोबिल्डाच्या मोटरचा स्टॉल प्रवाह (मोटर अडकून थांबल्यावर ओढला जाणारा प्रवाह) १२ व्होल्टला ९.२ अँपिअर आहे आणि स्पर्धेच्या बॅटरीचा फ्यूज २० अँपिअरचा, म्हणजे दोन अडकलेल्या मोटरीच ही मर्यादा जवळपास गाठतात.

प्रोग्राममधली एक चूक मात्र खरोखर प्रोग्रामचीच असते. पहिल्या ३० सेकंदांच्या स्वयंचलित भागानंतर लिफ्ट वर राहिली आणि चालकाच्या प्रोग्रामने सुरुवातीलाच एन्कोडर शून्यावर आणला, तर वरची जागाच शून्य ठरते. तळाशी स्पर्श-सेन्सर किंवा चुंबकीय स्विच लावावा आणि तो दाबला गेल्यावरच शून्य घ्यावे. तळाला पोहोचल्यावर मोटरची शक्तीही बंद करावी.

सामन्यांच्या मध्ये तुटलेली दोरी सांधत बसू नये. नेमक्या लांबीची, दोन्ही टोकांना गाठ बांधलेली आणि कोणत्या टप्प्याची आहे ते लिहिलेली तयार दोरी खोक्यात असावी. कॅस्केडमध्ये प्रत्येक टप्प्यासाठी किमान एक.