असिंक कोडमधून स्टोअर्ड फंक्शनला अख्खी रो पाठवताना

पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्याच्याशी बोलणारी पायथनची असिंकपीजी ही लायब्ररी वापरत असाल तर डेटाबेसमध्ये साठवलेल्या फंक्शनला दहा-बारा सुटे पॅरामीटर्स पाठवू नका. डेटाबेसमध्ये कंपोझिट टाइप (अनेक फील्ड एकत्र असलेला टाइप) बनवा, फंक्शनला त्या टाइपचा एकच पॅरामीटर ठेवा आणि कोडमधून टपल (क्रमाने मांडलेल्या व्हॅल्यूंचा गट) द्या. अनेक रो असतील तर त्या टाइपचा ॲरे घ्या, टपलांची लिस्ट पाठवा; एका फेरीत काम होतं.

टपलमधल्या व्हॅल्यूंचा क्रम टाइपमधल्या फील्डसारखाच हवा. नावं जुळवली जात नाहीत, म्हणून शेजारच्या दोन टेक्स्ट फील्डची अदलाबदल झाली तर एरर न येता चुकीचा डेटा बसतो. ही चूक सापडायला फार त्रास देते. साध्या टाइमस्टॅम्प फील्डला टाइमझोन असलेली वेळ दिली तर मात्र लगेच एरर येतो.

परत येणारी रो घेताना फंक्शन फ्रॉमनंतर लिहा. सिलेक्टमध्ये कंसात फंक्शन लिहून पुढे डॉट-स्टार लावलात तर ते प्रत्येक कॉलमसाठी एकदा चालतं. आठ कॉलम असतील आणि आत इन्सर्ट असेल, तर आठ इन्सर्ट! नुसतं सिलेक्टमध्ये ठेवलं तर एकाच कॉलमात गुंडाळलेला रेकॉर्ड मिळतो.

टाइप बदलला की उघड्या कनेक्शनकडे जुनी रचना कॅशमध्ये राहते. रीलोड-स्कीमा-स्टेट ही मेथड चालवा किंवा पूल (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) नव्याने उघडा. आणि गॅदर (अनेक टास्क एकाच वेळी चालवणारं पायथनचं फंक्शन) वापरत असाल तर त्यातल्या प्रत्येक टास्कला पूलमधून वेगळं कनेक्शन द्या. एका कनेक्शनवर एका वेळी एकच क्वेरी चालते.