एअर रायफलचं प्रात्यक्षिक शिबिर भरवताय? या चुका टाळा

२०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये पदक घेतलं आणि त्या पावसाळ्यात इंदूरच्या आमच्या मराठी वस्त्यांतून मला दिवसाआड फोन यायला लागले. कुणाला सोसायटीत दोन दिवसांचं शिबिर हवं होतं, कुणाला गणेशोत्सवात मुलांसाठी काहीतरी वेगळं करायचं होतं. उत्साह खरा आहे आणि त्याला कारणही आहे. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ऑलिंपिकपर्यंत पोचला. आपल्या महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाजांचं पथक, आहे, आणि तिथे तयार झालेल्या विजय कुमारनं २०१२ मध्ये लंडनला रौप्यपदक मिळवलं. मुलांना ही नावं पाठ असतात.

पण फोनवरचे प्रश्न ऐकले की मला काळजी वाटते. पेलेटचे, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांचे, डबे किती लागतील, प्रत्येकाला किती शॉट मिळतील, प्रमाणपत्र छापायचं का, हेच सगळे विचारतात. हॉलला दारं किती आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडे, हे मला आजवर एकाही आयोजकानं आपणहून विचारलेलं नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

हॉलची दारं

दहा मीटरचं अंतर नेम धरण्याच्या रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत मोजतात. मागे उभं राहायला आणि पुढे पेलेट अडवायला जागा धरली तर पंधरा मीटर लांबीचा हॉल लागतो. असे हॉल आपल्याकडे मंगल कार्यालयांत, शाळांत, मंडळांच्या इमारतींत मिळतात. त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. टार्गेटच्या बाजूच्या भिंतीत कुठेतरी एक दार असतं, आणि ते कोठीच्या खोलीचं असतं.

सहा-सात वर्षांपूर्वी अशाच एका हॉलमध्ये माझं शिबिर चालू होतं. दुसरा दिवस, सकाळचे साडेदहा. सहा जण रेषेवर, सहाही रायफली भरलेल्या. मी डाव्या टोकाला एका मुलीचा खांदा सरळ करत होते. तेवढ्यात समोर तिसऱ्या आणि चौथ्या टार्गेटच्या मधलं दार आतून उघडलं आणि एक गृहस्थ थर्माकोलचं मखर छातीशी धरून बाहेर आले. मखर एवढं मोठं की त्यांचा चेहराही दिसत नव्हता. त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं. कोठीला मागच्या गल्लीतून दुसरं दार होतं, त्याची किल्ली मंडळाकडे होती, आणि आज शिबिर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी 'थांबा' म्हणून ओरडले. पाच जण थांबले. सहाव्याचं बोट ट्रिगरवर होतं आणि दचकून ते आवळलं गेलं. पेलेट मखराच्या कमानीतून आरपार गेलं. त्या गृहस्थांच्या कानापासून ते भोक वीतभर अंतरावर होतं. त्यांनी मखर खाली ठेवलं, भोकाकडे पाहिलं, आणि काही न बोलता तिथेच जमिनीवर बसले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं तेव्हा माझाच हात थरथरत होता.

त्या दिवसापासून हॉल पाहायला जाते तेव्हा मी आतून नाही, बाहेरून सुरुवात करते. इमारतीला पूर्ण फेरी मारते, प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, जिना, गच्चीचं दार, सगळं वहीत उतरवते. टार्गेटच्या बाजूच्या प्रत्येक दाराला माझं स्वतःचं कुलूप लागतं आणि सगळ्या किल्ल्या माझ्या खिशात येतात. 'आमचा माणूस उभा राहील ताई' हे मी ऐकून घेत नाही. माणसाला चहा प्यायला जावं लागतं, कुलपाला नाही. कुलूप लावू देत नसतील तर मी तो हॉल घेत नाही, भाडं फुकट मिळत असलं तरी.

दुसरं म्हणजे, 'स्टॉप' हा शब्द सगळ्यांचा असतो. लोड, स्टार्ट आणि अनलोड मी एकटीच म्हणते, दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याला रेषेवरून बाजूला करते. पण स्टॉप आठ वर्षांच्या मुलानं म्हटलं तरी सगळ्यांची बोटं ट्रिगरच्या बाहेर आली पाहिजेत. याचा सराव मी पहिल्या दिवशी रिकाम्या रायफलींवर अर्धा तास करून घेते. मोठ्या माणसांना हा अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटतो, ते घड्याळाकडे पाहतात. पाहू द्यावं.

'रिकामी आहे हो'

हे वाक्य ऐकलं की मी समोरच्याच्या हातातून रायफल काढून घेते. रिकामी असल्याचं तोंडी सांगणं मला चालत नाही, ते दिसलं पाहिजे. स्पर्धांत यासाठी भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग सक्तीचा आहे. विकत मिळाला तर उत्तम, नाही तर गवत कापायच्या यंत्रात लागते ती जाड नायलॉनची नारिंगी दोरी नळीच्या दोन्ही टोकांतून बाहेर दिसेल इतकी लांब कापून आरपार घालायची. दोरी आरपार गेली म्हणजे नळीत काही नाही, हे लांबूनही कळतं. माझ्याकडे एका पत्र्याच्या डब्यात अशा चोवीस दोऱ्या आहेत. रायफल बॅगेतून निघते तेव्हा दोरी आत असते, बॅगेत जाते तेव्हाही आत असते.

ज्यांनी लहानपणी मेळ्यात फुगे फोडले आहेत त्यांना ही सवय लावणं सगळ्यात अवघड जातं. तिथे बंदूक या हातातून त्या हातात जाते, नळी कुठेही फिरते, कोपर टेकवून नेम धरतात आणि नेम लागला की बंदूक हातात घेऊनच मागे वळून मित्रांकडे बघतात. अशा माणसाला मी पहिले दोन तास माझ्या शेजारी उभं करते.

हवेच्या जागी ऑक्सिजन

ही चूक कमी लोक करतात, पण एकदाच पुरते.

आता बऱ्याच शिबिरांत दाबाखालच्या हवेच्या रायफली असतात. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरलेली असते. समुद्रकाठच्या शहरांत स्कूबा डायव्हिंगच्या केंद्रांवर ती भरून मिळते, इंदूरला ती सोय सहज नाही. म्हणून हातपंप किंवा कुणाचा तरी कॉम्प्रेसर.

एका शिबिराच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातपंपाचं सील गेलं. दोन सिलिंडर भरलेले होते, चार रिकामे. मदतीला आलेला एक तरुण, अतिशय गुणी मुलगा, म्हणाला, "ताई, माझ्या ओळखीचा वेल्डिंगवाला आहे, तासाभरात भरून आणतो." मी यादी करण्यात गुंतले होते. मला वाटलं त्याच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर असेल, मी मान हलवली. मुलगा चारही सिलिंडर टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर घेऊन गेला.

पाऊण तासानं त्याचा फोन आला. "ताई, याची आटी त्याच्या बाटल्याला बसत नाहीये. तो म्हणतोय लेथवर जोड बनवून देतो, चालेल ना?" मी विचारलं, बाटला कसला आहे? तो म्हणाला, काळा, मोठा, वेल्डिंगचाच. मला क्षणभर बोलता येईना. तो ऑक्सिजनचा बाटला होता.

जोराच्या दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन तेलाला, ग्रीसला, रबरी सीलला लागला की ठिणगीचीही गरज नसते, ते पेट घेतं. रायफलीच्या आत हे सगळं असतं. सिलिंडर फुटला असता तर तो स्कूटरच्या डिकीत फुटला असता, नाही तर सकाळी एखाद्या मुलाच्या गालाशी फुटला असता. आटी बसली नाही म्हणून आम्ही वाचलो. वेगवेगळ्या वायूंच्या आट्या वेगवेगळ्या ठेवतात त्या यासाठीच, आणि आपण त्यावर जोड बनवायला निघालो होतो.

दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून सिलिंडर मी स्वतः भरते किंवा माझ्या डोळ्यांसमोर भरला जातो. आदल्या दिवशीचं 'जुगाड करून टाकू' हा शब्दच मी शिबिरात चालू देत नाही. प्रत्येक सिलिंडरवर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं: फक्त कोरडी हवा. त्याखाली सिलिंडरवर कोरलेली बनावटीची तारीख मोठ्या अक्षरांत. दहा वर्षं झाली की तो बाद, बाहेरून कितीही चकचकीत दिसला तरी.

हातपंप वापरत असाल तर एकदम ताकद लावू नका. पंप तापतो, आत वाफ धरते, पावसाळ्यात तर जास्तच. मी थोडे झटके मारून पाच-सात मिनिटं थांबते आणि ओलावा सोडून देते. भरल्यावर दाब दाखवणाऱ्या गेजचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी पुन्हा बघायचा. गरम हवा थंड झाली की आकडा थोडा उतरतो, ते ठीक. बराच उतरला असेल तर सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे गळती दाखवतील. ती जागा सापडली तरी शिबिराच्या सकाळी पाना घेऊन बसू नका, तो सिलिंडर बाजूला ठेवा.

त्या रात्री चार रायफली बिनहवेच्या राहिल्या. सकाळी सोळा जण आले होते आणि मी त्यांना दिवसभर एकही पेलेट दिलं नाही. उभं राहणं, श्वास, गालाचा टेकू, ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर, एवढंच. दोघांनी पैसे परत मागितले, मी दिले. उरलेल्या चौदा जणांचे दुसऱ्या दिवशीचे गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचे पुंजके, मी तोवर पाहिलेल्या कुठल्याही नवशिक्यांपेक्षा लहान होते. आता माझा पहिला दिवस कायम असाच असतो. 'शॉट कधी मिळणार' म्हणून दर दहा मिनिटांनी विचारणाऱ्याला मी स्पष्ट सांगते, की उद्या. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे पोचायला घाई उपयोगाची नाही.

पोहे बाहेर

इंदूरला सकाळचं शिबिर म्हणजे पोहे-जिलबी आलीच, आणि आयोजक हौसेनं ताटल्या थेट रेषेमागच्या टेबलावर मांडतात. पेलेट शिशाचं असतं. ते हाताळून बोटं करडी होतात, त्याच बोटांनी शेव भुरभुरवायची आणि तोंडात घालायची, असं चालतं. एका मुलाला मी सुतार खिळे धरतो तसे चार पेलेट ओठांत धरून रायफल भरताना पाहिलं. शिसं शरीरात साचतं आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला ते मोठ्यांपेक्षा जास्त घातक असतं.

खाणं दुसऱ्या खोलीत, आधी साबण आणि गार पाण्यानं हात. सॅनिटायझरनं शिसं जात नाही. शेवटी हॉल झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, नाही तर धूळ सगळ्यांच्या नाकात जाते. फडकं मी तिथेच टाकून देते, घरी आणत नाही.

बाकीचं थोडक्यात

पेलेट उघड्या विटेच्या भिंतीवर मारू नका, ते उलटून येतं. उतरत्या कोनातला लोखंडी पत्रा आणि मागे सैल टांगलेली जुनी गोधडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. लोखंडी छर्रे तर आणूच नका.

डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा सगळ्यांना, बघ्यांनाही.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीत पेलेट ठेवताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवा. ती सटकून मिटली तर बोट चेचतं. आणि ती रिकामी चालवून बघू नका, आतला पिस्टन मोकळा आपटून खराब होतो.

एका प्रशिक्षकामागे रेषेवर चार जण. सहा मी एकदाच घेतले, त्याची गोष्ट वर आली आहे.

टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. लहान मुलं आहेत म्हणून खाली घेऊ नका, त्यांना टेकू द्या.

पेलेटचे डबे एकमेकांत ओतू नका. ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर व्यासांमधला फरक डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतो.

कागदपत्रांचं: स्पर्धेच्या ०.१७७ बोअरच्या (नळीचा आतला व्यास, इंचांत) रायफलीची ताकद साधारण साडेसात ज्यूल असते, २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी ठेवलेल्या २० ज्यूलच्या मर्यादेच्या बरीच आत. तरीही पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. शेजारी आवाज ऐकून फोन करतातच, तेव्हा ती पोच हातात हवी.

आणि दर शिबिरात परदेशी व्हिडिओ पाहून आलेला एक जण असतोच, 'काडतुसं घरी भरायला शिकवाल का?' तिकडे तो घरगुती छंद असेल. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली येतं. मी त्याला तिथल्या तिथे नाही म्हणते, आणि मुलांसमोर ती चर्चा पुढे जाऊ देत नाही.

शिबिर संपल्यावर सगळे फोटो काढत असतात तेव्हा मी पत्र्याच्या डब्यातल्या दोऱ्या मोजते. रायफलीत असलेल्या धरून चोवीस भरल्या की मगच कुलपं काढते आणि किल्ल्या देते. मागच्या खेपेला तेवीस भरल्या. चाळीस मिनिटं कुणाला घरी सोडलं नाही. चोविसावी एका छोट्या मुलीच्या वेणीत सापडली, तिनं ती रिबिनीसारखी बांधली होती.