पचमढीच्या जुन्या बंगल्यात मुक्काम करताना

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. परंतु नागपूरचा उन्हाळा साहेबांना मानवेना, म्हणून प्रांताचा कारभार त्या दिवसांपुरता सातपुड्यातील पचमढीला हलू लागला. त्या काळातील जाड भिंतींच्या आणि ऐसपैस व्हरांड्यांच्या बंगल्यांपैकी काही बंगले दुरुस्त करून आता हॉटेल म्हणून चालवले जातात. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाची रॉक एंड मॅनर आणि ग्लेन व्ह्यू ही त्यांतील परिचित नावे. चौरागडच्या महादेवामुळे आणि नागपंचमीच्या नागद्वार यात्रेमुळे पचमढीची वाट आपल्याकडे विदर्भात घरोघरी माहीत आहे. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया आणि मटकुली हा क्रम वेगळा सांगायला नको. अशा बंगल्यात उतरावे कसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम घरूनच करायचे असते, ते म्हणजे खोली ठरवणे. ‘हेरिटेज’ हा शब्द पाट्यांवर फार सैलपणे वापरला जातो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेलची वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते आणि नंतर बांधकाम वाढवले असले, तरी निम्मे क्षेत्र तरी जुने असावे लागते. म्हणजेच उरलेला भाग नवा असू शकतो. आम्ही एकदा एका हॉटेलचे व्हरांड्याचे छायाचित्र पाहून पैसे भरले आणि मिळाली ती मागच्या नव्या इमारतीतील, चकचकीत फरशीची खोली, जी नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूवरच्या कुठल्याही लॉजमध्ये शोभली असती. म्हणून आरक्षण संकेतस्थळावरून केले, तरी त्याआधी हॉटेलात थेट फोन करून विचारावे की ही खोली मूळ बंगल्यातील आहे का, तिचे दार व्हरांड्यात उघडते की मागच्या अंगणात, आणि तिला किती पायऱ्या चढाव्या लागतात. जुन्या घरातील खोल्या एकसारख्या नसतात; भाडे तेच असूनही एक खोली पूर्वीचा दिवाणखाना निघते आणि दुसरी कोठी.

बरोबर आई-वडील असतील, तर न्हाणीघराची चौकशी वेगळी करावी. त्या काळी न्हाणीघराला बाहेरून स्वतंत्र दार असे आणि पाणी भरणारा भिस्ती व सफाई कामगार तेथून ये-जा करीत. नळ, गीझर आणि कमोड पुढे केव्हातरी बसवलेले असल्यामुळे उंबरा उंच असणे किंवा आत एक पायरी खाली उतरावी लागणे, असे प्रकार हमखास आढळतात. ते मागचे दारही पुष्कळ ठिकाणी अजून शाबूत असते. रात्री त्याची कडी लागली आहे का, हे आपणच पाहावे.

आता प्रत्यक्ष राहण्याविषयी. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे नवे नाही, पण कूलरवर वाढलेल्या पिढीला सांगावे लागते की असे घर आपण चालवायचे असते. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडक्या आणि पडदे बंद करावेत, छताजवळचे झरोके मात्र उघडेच ठेवावेत, कारण गरम हवा वर चढून तेथूनच बाहेर जाते. सूर्य मावळला की सारी दारे उघडावीत. जाड भिंती तापायला वेळ घेतात, त्यामुळे भर दुपारीही खोलीत गारवा टिकतो. दारे उघडी टाकून फिरायला मात्र जाऊ नये; माकडांना तेवढीच संधी हवी असते.

पावसाळ्यात परिस्थिती उलटते. चुन्याचा गिलावा ओलावा शोषतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. म्हणून चांगली डागडुजी करणारे लोक अशा भिंतींवर सिमेंट थापत नाहीत, कारण त्याने ओल आतच कोंडते. तेव्हा भिंतीवर थोडी ओल दिसली, तर लगेच तक्रार करण्याचे कारण नाही. बॅग आणि अंथरूण भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि कपड्यांचा एक जोड जास्त न्यावा. ओले टॉवेल सागवानी खुर्चीच्या पाठीवर टाकू नयेत. पॉलिशवर पांढरे डाग उमटतात आणि ते सहज जात नाहीत. थंडीत शेकोटीची जागा पाहून मोह होतो, परंतु दुरुस्तीच्या वेळी धुराडे अनेकदा बंद केलेले असते, म्हणून विचारल्याशिवाय काडी ओढू नये. इस्त्री आणि पाण्याची किटली एकाच वेळी लावण्यापूर्वीही विचारावे.

खोल्या मोजक्या असल्याने स्वयंपाकघरही मोजकाच माल भरते. रात्री काय खाणार, हे पोचल्याबरोबर सांगावे. साडेनऊला ऐनवेळी सावजी रश्श्याची अपेक्षा धरणे त्या खानसाम्यावर अन्याय करणारे आहे.

मुक्काम किमान दोन रात्रींचा असावा, कारण तामियाचा घाट चढून आलेला पहिला दिवस शिणवट्यातच जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे पाहुणे जिप्सीतून धूपगडाकडे आणि धबधब्यांकडे निघून जातात. त्या वेळी मागे राहावे आणि तेथे बरीच वर्षे काम करणाऱ्या माणसाला घर दाखवण्याची विनंती करावी. त्याला मोकळा वेळ असतो, रिकाम्या खोल्या उघड्या असतात, आणि कोणती भिंत मूळची व कोणती नंतरची, हे तो बोटाने दाखवून सांगतो.