एकच पेनड्राइव्ह, दोन पिढ्यांचे संगणक: हायब्रिड पार्टिशन तक्ता कसा आणि कधी करावा

पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या शाळेची लॅब असो की म्हापशातले दुरुस्तीचे दुकान, एकाच टेबलावर जुना बायोसवाला डेस्कटॉप आणि नवा यूईएफआय लॅपटॉप येतो. बायोस आणि यूईएफआय म्हणजे संगणक चालू करताच आधी धावणारी अनुक्रमे जुनी आणि नवी प्रणाली. दोन्ही एकाच पेनड्राइव्हने सुरू करायचे असतील तर आधी साधा जीपीटी तक्ता, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशने) कुठे आहेत याची नव्या पद्धतीची नोंद, करून पाहावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. हायब्रिड हा शेवटचा उपाय आहे.

जीपीटी डिस्कच्या सेक्टर ० मध्ये नावापुरता एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचा तक्ता, असतो. त्यात ईई प्रकाराची एकच नोंद असते आणि ती जुन्या साधनांना सांगते की ही डिस्क भरलेली आहे. खरा तक्ता सेक्टर १ पासून ३३ पर्यंत असतो, त्याची प्रत डिस्कच्या टोकाला. हायब्रिडमध्ये या एमबीआरमध्ये ईईच्या जोडीला जास्तीत जास्त तीन खरी पार्टिशने नोंदवतात. घोळ इथेच होतो. पोर्तुगीज काळातल्या मात्रिझची (जमिनीच्या करवहीची) नोंद आणि एक-चौदाचा जमिनीचा उतारा यांत एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही, तसेच हे दोन तक्ते. जीपीटीचा सीआरसी (चूक पकडणारा तपासणी आकडा) फक्त जीपीटी तपासतो, सेक्टर ० कडे बघतही नाही. यूईएफआयच्या मानकात हायब्रिडला जागाच नाही.

तक्ता आखणे. लिनक्सवर एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून पेनड्राइव्हचे नाव आकारावरून ओळखा. १६ जीबीचा ड्राइव्ह १५ च्या आसपास दिसतो. नाव चुकले तर संगणकाचीच डिस्क पुसली जाईल. पावसात वीज जायचा भरवसा नाही, म्हणून हे काम बॅटरीवाल्या लॅपटॉपवर करा. ड्राइव्ह अनमाउंट करून जीडिस्क हे तक्ता आखायचे साधन उघडा. ‘ओ’ने कोरा तक्ता करा, मग ‘एन’ने तीन पार्टिशने:

१. ५१२ एमबी, कोड ईएफ००
२. १ एमबी, कोड ईएफ०२. हे फॉरमॅट करायचे नाही. बायोससाठीचा ग्रबचा (संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मोठा भाग इथे बसतो, कारण सेक्टर ० मध्ये बूट कोडला जेमतेम ४४० बाइट मिळतात.
३. उरलेली जागा, कोड ०७००

‘डब्ल्यू’ने लिहून बाहेर या. पहिले पार्टिशन फॅट३२ करा. तिसऱ्यावर ४ जीबीहून मोठ्या आयएसओ (डिस्कची प्रत असलेल्या फाइली) ठेवायच्या असतील तर एक्सफॅट करा, फॅट३२ मध्ये त्या मावत नाहीत.

ग्रब दोनदा. पहिले पार्टिशन माउंट करून ग्रब-इन्स्टॉल आधी आय३८६-पीसी आणि मग एक्स८६_६४-ईएफआय या टार्गेटने चालवा. दोन्ही वेळा बूट डिरेक्टरी त्याच पार्टिशनवर. दुसऱ्या वेळी ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय विसरू नका. तो राहिला तर बूटची नोंद तुमच्याच लॅपटॉपच्या मेमरीत जाते आणि दुसऱ्या यंत्रावर ड्राइव्ह ढिम्म राहतो. असा घातलेला ग्रब बहुधा सहीचा नसतो, त्यामुळे सिक्युअर बूट (सही नसलेले प्रोग्राम रोखणारी सोय) बंद ठेवावे लागते. मेनूची फाइल लिहा आणि दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालवून पाहा. चालले? मग इथेच थांबा.

अडले तर. काही जुने बायोस एमबीआरमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ पार्टिशन दिसल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. ती खूण, म्हणजे झेंडा, ईईवरच लावावी असे वाटते, पण मानकाला ते मान्य नाही आणि काही यूईएफआय मग डिस्कला जीपीटी मानत नाहीत. हायब्रिड खरा उपयोगी पडतो तो इथे, कारण झेंडा दुसऱ्या नोंदीवर लावता येतो.

जीडिस्क पुन्हा उघडून ‘बी’ने तक्त्याची प्रत फाइलीत ठेवा. मग ‘आर’, ‘एच’, पार्टिशन क्रमांक १. ईई पहिल्या जागी ठेवू का, याला ‘वाय’ म्हणा. ती मागे गेली तर ग्रबला दोन्ही तक्ते खरे वाटतात आणि तो बसायला नकार देऊ शकतो. कोड ईएफ, बूटेबल ‘वाय’. उरलेल्या जागेचे संरक्षण करू का, यालाही ‘वाय’ आणि कोड ईई. नाहीतर एमबीआर वाचणाऱ्या साधनाला तिसरे पार्टिशन मोकळी जागा वाटेल. ‘ओ’ दाबून एमबीआर पाहून घ्या. मात्र हा ‘ओ’ रिकव्हरी मेनूतलाच हवा, मुख्य मेनूत तोच ‘ओ’ सगळा तक्ता कोरा करतो. ‘डब्ल्यू’ केल्यावर बायोसचा ग्रब पुन्हा एकदा घालून घेतलेला बरा.

यानंतर पार्टिशनांचे आकार बदलू नका. विंडोज हायब्रिड डिस्कला एमबीआर समजते, लिनक्स जीपीटी समजते. विंडोजमध्ये केलेला बदल जीपीटीला कळत नाही, आणि जीपार्टेडने काही लिहिले की हायब्रिड नोंदी पुसल्या जाऊन नावापुरता एमबीआर परत येतो. मुद्दाम तो परत आणायचा तर जीडिस्कमध्ये ‘एक्स’, मग ‘एन’ आणि ‘डब्ल्यू’.

लॅबसाठी हाच ड्राइव्ह मोठ्या ड्राइव्हवर जसाच्या तसा उतरवला तर तक्त्याची प्रत टोकाला न राहता मध्येच अडकते. तीही ‘एक्स’ मेनूतल्या ‘ई’ने टोकाला नेऊन ‘डब्ल्यू’ करा.