काळ्या मातीत पाया खोदताना या चुका टाळा

परभणी-नांदेडकडची काळी माती उन्हाळ्यात इतकी कडक होते, की कुदळ मारली तरी ठणकन वाजते. म्हणून बिगारी खड्ड्यात निर्धास्त उतरतात. पहिली चूक इथेच होते. ही माती वाळून आकसलेली असते, तिला खोल भेगा पडलेल्या असतात. वळवाचं पाणी भेगांतून मुरलं, की ती फुगते, मऊ पडते आणि खड्ड्याची उभी बाजू अख्खी ढासळते. “कालपर्यंत तर चांगली उभी होती” हे मी साइटवर फार वेळा ऐकलंय. पाऊस पडून गेला, की मुकादमाने आधी काठ फिरून बघावा. काठाला समांतर नवी भेग दिसली, तर त्या दिवशी खाली कुणालाच उतरवू नये.

दुसरी चूक म्हणजे “छातीइतकाच तर खड्डा आहे” असं म्हणणं. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. छातीभोवती तेवढा दाब बसला, की डोकं वर असूनही माणसाला श्वास घेता येत नाही. आयएस ३७६४ या भारतीय मानकानुसार १.५ मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा खोल चराला फळ्या आणि आडवे टेकू हवेत. जागा असेल तर बाजू तिरकी कापा, तेही चालतं. टेकूंचा खर्च वाचवणाऱ्या ठेकेदाराला मालकाने स्पष्ट सांगावं, की त्याशिवाय काम सुरू होणार नाही.

जेसीबीवाला निघालेली माती काठालाच टाकतो, कारण परत भरायला सोपी जाते. त्या ढिगाचं ओझं काठावरच येतं. ढीग निदान दीड मीटर लांब टाकायला लावा. खड्डा तीन मीटरपेक्षा खोल असेल तर खोलीच्या निम्म्या अंतरावर. आणि शिडी खड्ड्यातच असू द्या, काठाच्या वर निदान मीटरभर आलेली.

दरड कोसळलीच, तर धावत आत उडी मारू नका, दुसरी बाजूही येते. अडकलेल्याला दोर बांधून ओढू नका, त्याच्याजवळ जेसीबीचं बकेट चालवू नका. १०८ ला फोन करा. बाजूला टेकू देऊन माती हाताने काढा, आधी तोंड आणि छाती मोकळी करा.

साचलेलं पाणी उपसताना मोटार चालू ठेवून माणसं पाण्यात उभी राहतात. जोडलेली वायर पाण्यात पडली, तर सांगायलाही कुणी उरत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज लगेच तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय मोटार लावू नका.

मे महिन्यात खड्ड्यात वारा लागत नाही. खोदाई सकाळी अकराच्या आत उरका. एखादा अडखळायला, असंबद्ध बोलायला लागला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.